इटालियन आंबट आणि फ्रेंच मऊ? दोन्ही रेड वाईन शेजारी ठेवून नीट चाखायच्या कशा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. म्युनिकला तुमचा सहा जणांचा मराठी ग्रुप आहे, मागच्या महिन्यात एका दुपारी तुम्ही दोन रेड उघडल्यात, आधी पंचवीस युरोची सेंट एमिलियों ग्रां क्रू आणि मग सुपरमार्केटमधली आठ युरोची कियांती, सोबत चिवडा, काजू आणि शंकरपाळे. सगळ्यांचं एकमत झालं की फ्रेंच मऊ, गोलाईची, भारी, आणि इटालियन आंबट आणि खरखरीत. आता सहा बाटल्या आणून परत बसायचंय आणि तुम्ही विचारताय की फ्रेंच रेड खरोखर वरचढ असते का, आणि तुलना करायची तर पद्धत काय.

वरचढ वगैरे काही नसतं. आणि तुमच्या त्या दुपारचा निकाल बाटल्या उघडायच्या आधीच लागला होता. मी बरीच वर्षं हॉटेलात सॉमेलिए, म्हणजे पाहुण्यांना वाईन निवडून देणारी जाणकार, म्हणून काम केलंय आणि आता नवीन स्टाफला चाखायला शिकवते, आणि तुमच्यासारखी तुलना इतक्या टेबलांवर बघितलीय की त्यात इटालियन बाटली का हरते हे आता पाठ झालंय.

सेंट एमिलियों हा फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातला नदीचा उजवा किनारा, तिथे मुख्य द्राक्ष मर्लो, सोबतीला कॅबर्ने फ्रां. मर्लो मुळातच मांसल आणि मऊ, त्यात ओकच्या पिंपात मुरवलेली, त्यामुळे पहिल्या घोटालाच आवडून जाते. समोर तिप्पट स्वस्त साधी कियांती, म्हणजे सांजोवेजे द्राक्ष, ज्याचा स्वभावच आंबट चेरीचा. बरं, प्यायची कशी, तर बोर्दोनंतर. टॅनिन, म्हणजे द्राक्षातलं तुरट द्रव्य, तोंडात साठत जातं, प्रत्येक घोटाला तुरटपणा थोडा वाढतो, त्यामुळे दुसऱ्या नंबरवर जी वाईन येते ती आहे त्यापेक्षा खरखरीत लागते. आणि शंकरपाळे! गोड खाल्ल्यावर कुठलीही ड्राय, म्हणजे गोड नसलेली, वाईन जास्त आंबट आणि जास्त कडू लागते, आणि जिच्यात मुळातच आंबटपणा जास्त तिचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. चिवड्यातली मिरची आणि साखर दोन्ही हेच काम करतात. तेव्हा कियांतीने तुमच्या घरी तीन बाजूंनी मार खाल्ला आणि त्यात तिचा दोष काहीच नव्हता.

आता मुख्य मुद्दा, हा एक लक्षात राहिला तरी पुरे. इटालियन रेड जेवणाशिवाय चाखून तिचा निकाल लावायचा नसतो. फ्रान्समध्येही वाईन जेवणासोबतच पितात, पण बोर्दोची बांधणीच अशी की नुसता ग्लास घेऊन बसलं तरी ती पुरेशी वाटते, एकापेक्षा जास्त द्राक्षं मिसळून तिचे कोपरे घासलेले असतात, कॅबर्नेचा ताठपणा मर्लोने भरून काढलेला असतो. बारोलो, कियांती क्लासिको, ब्रुनेलो, बार्बेरा यांच्यात असे कोपरे मुद्दाम ठेवलेले असतात म्हटलं तरी चालेल, कारण समोर चीज, तेल, टोमॅटो, मांस यायचंय हे धरूनच ती शैली तयार झालीय. म्हणून तुलना दोनदा करायची, एकदा नुसती आणि एकदा जेवणासोबत. दोन्ही वेळेच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या. बहुतेक टेबलांवर दुसऱ्या फेरीत क्रम उलटापालटा होतो आणि खरी मजा तिथेच आहे.

त्याआधी आंबट आणि तुरट यातला फरक जिभेला कळायला हवा, कारण नवीन लोक हे दोन्ही एकत्र करून "स्ट्राँग आहे" म्हणून मोकळे होतात. घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा किंवा थुंका, आणि मग तोंड मिटून डोकं थोडं खाली झुकवा. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा, म्हणजे अॅसिड, आणि पाणी जितकं जास्त आणि जितका वेळ सुटतं तितकं अॅसिड जास्त. टॅनिनचं उलट, ते तोंड कोरडं करतं. वरच्या हिरडीवरून जीभ फिरवून बघा, कोरा चहा फार उकळला की दातांवर जसं बसतं तसं बसलेलं जाणवेल. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून हे होतं. हीच गोष्ट पुढे जेवणात उपयोगी पडते, कारण समोर चीज किंवा मटण असलं की टॅनिनला धरायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि लाळ सुटते.

आता बाटल्या. माझ्या मते ऐंशी टक्के काम बाटल्या निवडण्यात आहे. तीन इटालियन आणि तीन फ्रेंच उचलून आणल्या आणि देश विरुद्ध देश असा सामना लावला तर हाती काहीच लागत नाही, कारण हलकी फ्रेंच बोजोले आणि तुरट इटालियन बारोलो यांची तुलना करून कळणार काय? जोड्या लावा. प्रत्येक जोडीत काहीतरी सारखं हवं, किंमत साधारण जवळपास, साल दोन-तीन वर्षांच्या आत, आणि शैलीत एक धागा समान. मग जो फरक उरतो तो खरा फरक.

पहिली जोडी मी नेहमी फ्रान्सच्या बर्गंडी आणि इटलीच्या पिएमोंते या प्रदेशांची लावते. एका बाजूला गावाच्या नावाची बर्गंडी, जेव्री शांबेर्तां जमली तर उत्तम, नाहीतर साधी बुर्गोन्य रुज किंवा मेर्क्युरे. दुसऱ्या बाजूला बारबारेस्को, बजेट नसेल तर लांगे नेबिओलो. पहिलीत पिनो न्वार, दुसरीत नेबिओलो. ही जोडी का? दोन्हीकडे एकच द्राक्ष, काही मिसळायचं नाही, दोन्हीकडे रंग फिका, वास भरपूर, आणि दोन्हीकडे शेतकऱ्याला आपला डोंगरउतार आणि बांध यांचं प्रचंड वेड. बर्गंडीत क्लो द वूजो नावाची भिंतीने बंदिस्त बाग आहे, सिस्टर्शियन साधूंनी मध्ययुगात वसवलेली, सुमारे ५० हेक्टर, आणि आज त्या एका बागेचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत, कुणाकडे फक्त काही ओळी. बारोलो आणि बारबारेस्कोतही आता बाटलीवर टेकडीचं किंवा उताराचं नाव छापतात. दोन देशांत इतकी जवळची शेतीसंस्कृती दुसरीकडे मिळणं कठीण.

पांढऱ्या कागदावर दोन्ही ग्लास तिरके धरा. पिनो आरपार दिसणारा लाल, कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येतील. नेबिओलोही फिकाच, पण कडेला बघा, तिथे विटकरी, नारिंगीकडे झुकणारी छटा असते, अगदी चार-पाच वर्षांच्या तरुण बाटलीतही. रंग बघून हिला हलकी समजायची घाई करू नका. वास घ्या. पिनोत लाल चेरी, रासबेरी, थोडी ओली माती, मश्रूम, बाटली जुनी असेल तर वाळक्या पानांचा वास. नेबिओलोत वाळलेला गुलाब, बडीशेपेच्या अंगाचं काहीतरी, आणि मागे डांबराचा वास. पहिल्यांदा डांबर ऐकून लोक चमकतात, पण पाच मिनिटं ग्लास ठेवून परत नाक घातलं की बहुतेकांना सापडतं. इथपर्यंत दोन्ही वाईन बहिणी वाटतात.

मग घोट. पिनो जिभेवर आली आणि सरकत गेली, टॅनिन रेशमी, आंबटपणा ताजा, शेवटी फळाची चव रेंगाळते. नेबिओलो पहिले दोन-तीन सेकंद तशीच वागते, आणि मग हिरड्यांवर जे काही चढतं त्याला तोड नाही. इतक्या फिक्या रंगाच्या वाईनमध्ये एवढं टॅनिन येतं कुठून असं प्रत्येक बॅचमधला कुणी ना कुणी विचारतोच. कारण असं की रंग आणि टॅनिन ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, दोन्ही सालीतून येतात, टॅनिन बियांतूनही येतं, आणि नेबिओलोत रंग देणारी द्रव्यं कमी आणि अस्थिर आहेत तर टॅनिन भरपूर आहे. शिवाय हे द्राक्ष ऑक्टोबरमध्ये उशिरा पिकतं आणि आंबटपणा शेवटपर्यंत धरून ठेवतं. म्हणून कायद्यानेच तिला वेळ द्यायला लावलाय, बारबारेस्को किमान २६ महिने मुरवावी लागते त्यातले ९ लाकडात, बारोलो ३८ महिने आणि त्यातले १८ लाकडात.

लाकडावरूनही पिएमोंतेत मोठी भांडणं झालीत. जुन्या मताचे लोक हजारो लिटरची मोठी पिंपं वापरायचे, जी वाईनला वास जवळजवळ देत नाहीत, फक्त हळूहळू श्वास घेऊ देतात. १९८० च्या दशकात तरुण उत्पादक बर्गंडीत जाऊन बघून आले आणि २२५ लिटरची छोटी नवीन फ्रेंच पिंपं, म्हणजे बारिक, आणली, सालींसोबत मुरवायचा काळही कमी केला, वाईन लवकर मऊ झाली, व्हॅनिला आणि भाजलेल्या कॉफीचे वास आले. परदेशात तिला मागणीही खूप आली. आज बरेच जण मधल्या रस्त्याला आलेत, मला स्वतःला मोठ्या पिंपातली बारोलो जास्त आवडते, तिच्यात गुलाब आणि डांबर झाकलं जात नाही. तुमच्या बाटलीत व्हॅनिला ठळक आला तर ते द्राक्षाचं नाही, पिंपाचं समजायचं, आणि हे बोर्दोलाही लागू.

दुसरी जोडी, तुमच्या कियांतीला न्याय द्यायला. कियांती क्लासिको घ्या, मानेवर काळा कोंबडा असलेली. कियांती आणि कियांती क्लासिको हे दोन वेगळे प्रदेश आणि वेगळे नियम आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. क्लासिको म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या जुन्या टेकड्या, त्यातल्या मूळ भागाची हद्द तोस्कानाच्या (टस्कनीच्या) ग्रँड ड्यूक कोसिमो तिसऱ्याने १७१६ मध्येच हुकूम काढून आखून दिली होती. आजच्या नियमाने तिच्यात किमान ८० टक्के सांजोवेजे असावी लागते. तिच्यासमोर बोर्दोच्या डाव्या किनाऱ्याची, मेदोक किंवा ओ-मेदोकची बाटली ठेवा, उजव्या किनाऱ्याची नको. डाव्या किनाऱ्यावर गोट्यांची, खडीची जमीन, पाण्याचा निचरा चांगला, उन्हात तापणारी, म्हणून उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों तिथे पिकते. उजवीकडे चिकणमाती आणि चुनखडी, थंड जमीन, तिथे लवकर पिकणारी मर्लो. डाव्या किनाऱ्याची बाटली घेतली की तुमच्या ग्रुपच्या डोक्यातलं "फ्रेंच म्हणजे मऊ" हे समीकरण पहिल्याच घोटाला गळून पडेल, कारण तरुण मेदोक चांगलीच तुरट असते. वासात ब्लॅककरंट हे काळं बेरीफळ, देवदार, पेन्सिल तासल्यावर येतो तो वास, आणि द्राक्षं नीट पिकली नसतील तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास, जो पायराझीन नावाच्या द्रव्यामुळे येतो. सांजोवेजेत आंबट चेरी, वाळलेले मसाल्याचे हर्ब, चहापत्ती, थोडी चामड्याची झाक. कॅबर्नेचं फळ काळं आणि सांजोवेजेचं लाल, इतकं जरी डोळे मिटून ओळखता आलं तरी एक संध्याकाळ कारणी लागली म्हणा.

ब्लाइंडमध्ये, म्हणजे लेबल न बघता चाखताना, या दोघींना ओळखायला मी एकच गोष्ट बघते, तोंडातली ताकद कुठे बसते. कॅबर्ने सुरुवातीला भरते आणि बाजूने धरते, सांजोवेजे मधे थोडी बारीक वाटते आणि शेवटी आंबटपणाने परत वर उसळते.

पैसे असतील तर या जोडीत बोल्गेरीची तिसरी बाटली टाका, ती मधला पूल आहे. तोस्कानाच्या किनाऱ्यावर मार्केझे मारिओ इंचिझा देल्ला रोकेत्ता यांनी १९४० च्या दशकात कॅबर्ने लावली, घरच्या टेबलासाठी, कारण त्यांना बोर्दो आवडायची. १९६८ सालची बाटली पहिल्यांदा बाजारात आली, नाव सासिकाया. इटलीच्या नियमांत अशा वाईनला जागाच नव्हती त्यामुळे ती साधी टेबल वाईन म्हणून विकली जायची, आणि किंमत मात्र दर्जेदार बाटल्यांच्या वर. बोल्गेरीच्या रेडला अधिकृत दर्जा मिळायला १९९४ उजाडलं. सासिकाया नको, ती खूप महाग आहे, पण बोल्गेरी रोस्सो नावाने बऱ्याच उत्पादकांच्या परवडणाऱ्या बाटल्या मिळतात. तीच कॅबर्ने आणि मर्लो, पण ऊन इटलीचं. मेदोकच्या शेजारी ठेवली की फळ जास्त पिकलेलं, टॅनिन जास्त गोल आणि भूमध्य किनाऱ्याच्या झुडपांचा, रोजमेरीसारखा वास. इथे द्राक्ष तेच राहतं आणि जागा बदलते, म्हणजे तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर या ग्लासात आहे.

तिसरी जोडी कशी लावायची ते बजेटवर. जड वाईन आवडत असतील तर फ्रेंच शातोन्यफ द्यु पाप आणि इटालियन आमारोने, दोन्ही १४-१५ टक्के अल्कोहोलच्या, पण आमारोनेची द्राक्षं तोडल्यावर तीन-चार महिने सुकवतात आणि मग दाबतात, त्यामुळे मनुका, चॉकलेट, शेवटाला किंचित कडू. हलकं आणि स्वस्त हवं तर बोजोलेच्या दहा गावांपैकी एखादी, मोर्गों किंवा फ्लरी, आणि समोर बार्बेरा दास्ती. दोन्हीत टॅनिन कमी, पण बार्बेराचा आंबटपणा ठसठशीत. पहिल्याच मोठ्या टेस्टिंगला मी तुम्हाला हीच सुचवेन, कारण सगळ्या बाटल्या जड असल्या की चौथ्या ग्लासाला तोंड मेलेलं असतं.

फ्रान्सच्या उत्तर रोन खोऱ्यातली सिरा द्राक्षाची वाईन मात्र कधीतरी एकटीच उघडा, त्यातली क्रोझ एर्मिताज परवडते. तिच्यात काळ्या मिरीचा वास येतो आणि तो भास नाही, रोटुंडोन नावाचं द्रव्य २००८ मध्ये संशोधकांनी सिरामध्ये दाखवून दिलं आणि तेच द्रव्य मिरीतही असतं. मराठी नाकाला हा वास सगळ्यात आधी सापडतो असा माझा अनुभव आहे.

आता त्या दिवशीची तयारी. ज्या घरात बसणार तिथे सकाळपासून फोडणी नाही, उदबत्ती नाही, बसणाऱ्यांपैकी कुणी अत्तर लावायचं नाही. फार कडक वाटेल पण लसणीची फोडणी पडद्यात बसली की नेबिओलोचा गुलाब विसरा. दुसऱ्या फेरीचं जेवण आदल्या दिवशी करून ठेवा आणि फक्त गरम करा. ग्लास सगळ्यांना एकाच आकाराचे, वरून थोडे आत वळलेले, साबणाचा वास नसलेले. प्रत्येकाला सहा ग्लास जमत नसतील तर दोन-दोन द्या आणि जोडी-जोडीने चाखा, जोडी एकाच वेळी समोर असणं महत्त्वाचं, एकामागून एक नाही. तशी असली की या ग्लासातून त्या ग्लासात आणि परत मागे असं जाता येतं आणि दुसऱ्या नंबरच्या वाईनवर अन्याय होत नाही. अर्ध्या लोकांना डावीकडून आणि अर्ध्यांना उजवीकडून सुरू करायला सांगा.

तापमानाकडे कुणी लक्ष देत नाही आणि चवीतला निम्मा घोळ तिथेच असतो. रूम टेम्परेचर म्हणजे तुमच्या फ्लॅटचं हीटर लावलेलं २३ डिग्री नव्हे. बर्गंडी आणि नेबिओलो १५-१६ च्या आसपास, बोर्दो आणि आमारोने १७-१८, बोजोले आणि बार्बेरा १३-१४. गरम रेडमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि फळ सैल पडतं, फार थंड केली तर टॅनिन कडक होतं. ओतायच्या आधी पंचवीस-तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तरी काम भागतं.

ब्लाइंड करायचं तर बाटल्यांना फॉइल गुंडाळा आणि नंबर टाका, पण जोडी कोणती आहे ते सांगा. म्हणजे "हे पिनो आणि नेबिओलो आहे, कोणता कुठला?" सगळंच लपवलं तर नवशिक्यांचा अंदाजपंचे खेळ होतो आणि शिकणं बाजूला राहतं. एकाने ओतायचं, त्याने बोलायचं नाही. आणि सगळ्यांनी आधी लिहायचं, मग तोंड उघडायचं, हा नियम मी कधीच सोडत नाही. ग्रुपमधला एक जण मोठ्याने "चॉकलेट" म्हणाला की उरलेल्या पाचांनाही चॉकलेटच लागतं. मोठी वर्णनं नकोत, चार गोष्टी पुरेत: आंबटपणा किती, टॅनिन किती आणि कसलं, फळ लाल की काळं आणि ताजं की वाळलेलं, गिळल्यावर चव किती वेळ राहिली.

प्रत्येकाला ५० मिली ओता. ७५० च्या बाटलीतून सहा जणांच्या दोन फेऱ्या होतात आणि दीडशे मिली उरते, ती टाकू नका, शेवटी सांगते का. सहा बाटल्या गुणिले दोन फेऱ्या म्हणजे एकेकाच्या वाट्याला ६०० मिली येते, तेव्हा पहिल्या फेरीत थुंकायचं. भांडं ठेवा, लाजू नका, आमच्या धंद्यात सगळे थुंकतात. आणि गाडी कुणीच चालवायची नाही.

उघडल्यावर प्रत्येक बाटली आधी एकाने तपासायची. ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा कुबट वास आला आणि फळ गायब असलं तर ती कॉर्क लागलेली बाटली, टीसीए नावाच्या द्रव्यामुळे होतं, हवा देऊन सुधारत नाही, उलट वास वाढतो. अशा बाटलीवरून इटलीची किंवा फ्रान्सची परीक्षा करू नका, दुकानात परत न्या. तरुण बारबारेस्को आणि मेदोक एक-दीड तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनला हवा लागू देणाऱ्या रुंद काचेच्या भांड्यात, ओतून ठेवा, बर्गंडीला तेवढं नको, बाटली उघडून ग्लासातच श्वास घेऊ द्या.

आता दुसरी फेरी, जेवणाची. तीनच पदार्थ करा. पहिला, मुरलेलं पार्मिजानोचं चीज. बारबारेस्कोचा घोट, मग चीजचा तुकडा, मग परत घोट. चीजमधलं मीठ, चरबी आणि प्रथिनं टॅनिनवर काम करतात आणि ज्या वाईनला पहिल्या फेरीत "खरखरीत" लिहिलं होतं ती अचानक उलगडते, फळ पुढे येतं. दुसरा, साधा टोमॅटो सॉसमधला पास्ता, साखर न घालता. इथे बोर्दो आणि कियांती क्लासिको शेजारी ठेवा. टोमॅटो आंबट आहे, आणि ताटातला पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन फुळूक लागते. मेदोक इथे फिकी आणि जराशी कडवट होते, आणि कियांतीचा तो आंबटपणा, ज्याच्यावर तुम्ही सगळ्यांनी फुली मारली होती, टोमॅटोला बरोबर जाऊन भिडतो आणि मग तो आंबटपणा वाटतच नाही, ताजेपणा वाटतो. तिसरा पदार्थ मटण, भाजलेलं किंवा हळू शिजवलेलं, मीठ, मिरी, थोडी लसूण. इथे मेदोक राजा असते, मेदोकमधल्या पोइयाक गावाच्या बाजूला कोकराचं मटण आणि कॅबर्ने हे पिढ्यानपिढ्याचं नातं आहे.

कोल्हापुरी रस्सा करायचा मोह होईल, करा, पण या दिवशी नको. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलने आणखी भडकतो आणि टॅनिन त्यावर कडू लागतं, बारोलो आणि तांबडा रस्सा दोघांचंही वाटोळं. तिखट जेवणासोबत रेडच हवी असेल तर थंड केलेली बोजोले किंवा कमी लाकडाची, ग्रनाश द्राक्षाची फळदार वाईन घ्या. सुक्या मटणात मिरची कमी आणि गरम मसाला जास्त असेल तर क्रोझ एर्मिताज खूप छान जाते, मिरी मिरीला ओळखते.

लेबलांबद्दल दोन-तीन गोष्टी, खरेदीला जाताना लागतील. तुमच्या सेंट एमिलियोंवर "ग्रां क्रू" होतं त्यामुळे तुम्ही ती फार वरच्या दर्जाची समजलात. सेंट एमिलियोंमध्ये ते शब्द पुष्कळ बाटल्यांवर असतात, बर्गंडीत मात्र ग्रां क्रू म्हणजे अगदी मोजक्या बागा, शिखर. मेदोकची वर्गवारी आणखी वेगळी, १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केलेली, शातोच्या, म्हणजे वाईन बनवणाऱ्या इस्टेटीच्या, नावावर, आणि त्यानंतर तिच्यात मोठा बदल एकच झाला, १९७३ मध्ये मूतों रोथशिल्ड पहिल्या वर्गात गेली. इटलीत मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो आणि व्हीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो यांत गोंधळू नका, पहिल्यात मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे, दुसऱ्यात ते गाव आहे आणि द्राक्ष सांजोवेजे. आणि सालाचं म्हणाल तर २०१६ पिएमोंतेत, तोस्कानात आणि बोर्दोत, तिन्हीकडे उत्तम गेलं, त्या सालाच्या बाटल्या मिळाल्या तर तुलना अगदी बरोबरीची होईल. बोर्दोची २०१३ टाळा.

पुढच्या वेळी सुट्टीत महाराष्ट्रात आलात तर एक बाटली जरूर घ्या. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीने सांजोवेजे लावलीय, वाईन बनवायला तोस्कानाचे पिएरो मासी, आणि त्यांच्या सेत्तेमध्ये सांजोवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों एकत्र आहेत, म्हणजे तुमच्या दुसऱ्या जोडीतली दोन्ही द्राक्षं एकाच बाटलीत. आपल्याकडे द्राक्षं हिवाळ्यात पिकून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडतात, ऊन वेगळं, त्यामुळे फळ जास्त पिकलेलं लागतं, पण सांजोवेजेची चेरी त्यातही सापडते. कियांती क्लासिकोच्या नोंदी सोबत घेऊन या आणि मग चाखा.

सहाच बाटल्या असतील तर माझी यादी अशी: मेर्क्युरे आणि लांगे नेबिओलो, ओ-मेदोक आणि कियांती क्लासिको, मोर्गों आणि बार्बेरा दास्ती. चाखायची सुरुवात शेवटच्या जोडीपासून, मग पिनो-नेबिओलो, सगळ्यात शेवटी मेदोक-कियांती. आणि ती उरलेली दीडशे मिली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी अर्धा तास आधी बाहेर काढून परत चाखा. नेबिओलो बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी झालेली असते, मेर्क्युरे थोडी थकलेली असू शकते, मोर्गों संपलेली असण्याची शक्यता जास्त. कुठल्या बाटलीत पुढे मुरायची ताकद आहे याचा घरच्या घरी यापेक्षा चांगला अंदाज येत नाही, तेव्हा ज्या दोन दुसऱ्या दिवशीही उभ्या राहतील त्यांच्या आणखी एकेक बाटल्या घेऊन चार-पाच वर्षं आडव्या ठेवा.